आचारी, आचार्य आणि अटेंडन्स

आमच्या घरी रात्री बाराला दोन गोष्टी सुरू होतात. पाचपाखाडीतली कुत्री भुंकू लागतात आणि जर्मनीतला एक माणूस माझ्या चुका काढू लागतो. कुत्र्यांचं कारण मला ठाऊक नाही. जर्मन माणसाचं आहे. तो नोकरीवरून घरी येतो, जेवतो, भांडी घासतो आणि साडेआठला कम्प्युटर उघडतो. त्याचे साडेआठ म्हणजे आपले बारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांच्याकडे घड्याळं तासभर मागे घेतात, की आपला एक वाजतो. आणि ऑक्टोबरअखेर म्हणजे आमचं सबमिशन. अख्ख्या युरोपने हा निर्णय माझं टाइमटेबल बघून घेतला असावा, असा मला दाट संशय आहे.

आम्ही दोघं, आणि जगभरात विखुरलेले आणखी दहाबारा उद्योगी, मिळून एक छोटा टेक्स्ट एडिटर सांभाळतो. फुकट वापरा, फुकट वाटा, आतला कोड उघडून बघा, पटला नाही तर बदला. ओपन सोर्स. आईने पाहुण्यांसाठी याचं 'ती कम्प्युटरवर समाजसेवा करते' असं भाषांतर करून टाकलंय आणि पाहुण्यांना ते पुरतं. बाबांना पुरत नाही.

"पैसे किती देतात?"

"काही नाही."

"सर्टिफिकेट?"

"नाही."

"मग एक वाजेपर्यंत जागवतात ते कुठल्या अधिकाराने?"

मी हुकमाचा एक्का काढला. म्हटलं, बाबा, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम जाहीर केली तेव्हा तो हेलसिंकीत शिकणारा एकवीस वर्षांचा पोरगाच होता, आणि 'हा आपला नुसता छंद आहे' असंच त्याने लिहिलं होतं. आज तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच्यावरच चालतो. बाबा चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी आमटी वाढून घेता घेता म्हणाले, "वाचलं मी त्याच्याबद्दल. १९८८ ला कॉलेजात गेला, मास्टर्स होईस्तोवर आठेक वर्षं गेली. तिकडे शिक्षणाला फी नाही. आपलं चार वर्षांचं ठरलंय." विषय संपला. आमटी चांगली झाली होती.

मी या फंदात पडले ती ट्रान्स-हार्बर लोकलमुळे. नेरूळ-खारघर पट्ट्यात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजला लागतो. त्यांतल्याच एकात मी तिसऱ्या वर्षाला आहे. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावर गाडी लागताना हजर असलं तर बसायला मिळतं, आणि बसायला मिळालं तर मांडीवर लॅपटॉप उघडता येतो. लेडीज डब्यात माझ्या समोर एक काकू असायच्या. बेलापूरला एका छापखान्यात डीटीपी करतात. लग्नपत्रिका, कार्यअहवाल, हळदीकुंकवाचे फ्लेक्स, सगळं. एक दिवस माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "तू कम्प्युटरवाली ना गं? मग मला सांग, कम्प्युटर खोटं का बोलतो?"

झालं होतं असं. एका मंगल कार्यालयाच्या माहितीपत्रकात 'आचाऱ्यांना' असेल तिथे 'केटररना' करायचं होतं. काकूंनी शोधा-आणि-बदला केलं. कम्प्युटर म्हणाला, सात सापडले, सात बदलले, आता एकही उरलेला नाही. पत्रक छापून आलं तेव्हा त्यात चार आचारी जसेच्या तसे उभे. छपाईचा खर्च बुडाला आणि मालकांनी काकूंना दिवसभर ऐकवलं. ज्या एडिटरवर हे काम केलं तो मोफत होता, कारण मोफत हा शब्द मालकांना फार प्रिय आहे.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पेन ड्राइव्हमधून फाइल आणली. ऐरोली ते घणसोली एवढ्यात मला रोग सापडला. अकराही ऱ्या दिसायला जुळे भाऊ, पण पोटात वेगळे. युनिकोड म्हणजे जगभरच्या अक्षरांना नंबर देणारी यादी; तिच्यात आपल्या र चा नंबर ०९३० आणि ऱ चा ०९३१. काकू इनस्क्रिप्टवाल्या, म्हणजे भारतीय भाषांच्या सरकारी कीबोर्ड-मांडणीवाल्या. शिफ्टसकट जे, मग डी, मग य ची कळ, झाला ०९३१ चा शुद्ध ऱ्य. बाकीचा मजकूर छापखान्यातल्या एका मुलाने जुन्या फाँटमधून कन्व्हर्टरने काढला होता. कन्व्हर्टरने साधा ०९३० घेतला, त्याला हलंत लावला आणि पुढे २००डी नंबरचं एक चिन्ह बसवलं. हे चिन्ह म्हणजे लग्न जुळवणारे मामा. शेजारच्या दोघांना कसं जोडायचं ते ठरवतात, फोटोत मात्र कुठेच नाहीत, कारण रुंदी शून्य. (र च्या खाली टिंब, म्हणजे नुक्ता, देऊन तिसराही एक प्रकार होतो, पण तो आणि ०९३१ एकच, हे युनिकोडने मान्य केलंय. भांडण आहे ते मामांवरून.) माणसाला दोन्ही ऱ्य सारखे, शोधणाऱ्या प्रोग्रामला दोन वेगळी माणसं.

एडिटरचा कोड उघडाच होता. मी म्हटलं, यात काय अवघड आहे, शोधताना २००डी गाळून टाकू. तेवीस ओळी लिहिल्या, पाठवून दिल्या आणि झोपले. सकाळी तेवीस ओळींवर चौदा शेरे. इथे एक स्पेस जास्त आहे. या नावावरून अर्थ कळत नाही. हे पुन्हा पुन्हा का मोजतेस. आणि बारावा शेरा असा: "मला ही भाषा येत नाही, पण मामा गाळल्यावर जो शब्द उरतो, तो दुसराच काही शब्द नाही ना?"

मामा अर्थातच त्याने लिहिलं नव्हतं. पण मी बघितलं आणि गारच झाले. २००डी काढला की उरतो साधा र, हलंत, य. म्हणजे रफार. म्हणजे आचाऱ्यांना चे आचार्यांना. माझ्या तेवीस ओळींनी महाराष्ट्रातले तमाम स्वयंपाकी एका रात्रीत प्राध्यापक केले होते. आणि पोळी आणि वरण यांतला फरकही ठाऊक नसलेल्या माणसाने ते ओळखलं होतं. मी दहावीला मराठीत शहाण्णव मिळवलेली मुलगी, लाजेने पांघरुणात शिरले.

काकूंना सांगितलं तर त्या मनापासून हसल्या. त्यांच्या उमेदवारीच्या काळात एका सत्कार समारंभाची पत्रिका 'आचाऱ्यांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन' अशी छापून गेली होती. लोक वेळेआधी आले होते म्हणे, जेवणाच्या आशेने.

मग मी परिच्छेदभर इंग्रजीत समजावून सांगितलं की एक शिकवतो, दुसरा स्वयंपाक करतो, दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा, वगैरे. जर्मन माणसाने दोन प्रश्न विचारले. पहिला तांत्रिक. दुसरा, एकच माणूस आचारी आणि आचार्य दोन्ही असू शकतो का. मी म्हटलं, असू शकतो, पण त्याला शोधायला माझा कोड पुरणार नाही.

इकडे कॉलेजात माझं दुसरं लिखाण चालू होतं, ते म्हणजे जर्नल. कम्प्युटर इंजिनिअरिंगचा कोड हाताने, निळ्या पेनाने, एका बाजूला ओळी असलेल्या कागदावर लिहायचा असतो. शीर्षक काळ्यात. फ्लोचार्ट पेन्सिलने. आणि हे जर्नल कुणी स्वतः लिहीत नाही, ते वरच्या बॅचकडून येतं, त्यांच्याकडे त्यांच्या वरच्या बॅचकडून. लोक उगीच ओपन सोर्स हे परदेशातलं फॅड समजतात. कुठलंही लायसन्स नाही, मूळ लेखक अज्ञात, शेकडोंनी कॉपी केलेला, असा मुक्त कोड जगात दुसरीकडे नसेल.

त्या परंपरेत सहाव्या प्रयोगाच्या आउटपुटमध्ये 'एंटर युअर नंबर' च्या जागी 'एनेटर युअर नंबर' आहे. कधीतरी कुणाचं तरी बोट घसरलं आणि तो एनेटर पिढ्यान्‌पिढ्या वाहत आला. मी तो दुरुस्त केला. सवयच लागली होती. सरांनी पान उलटलं, थांबले. अख्ख्या वर्षात ते पहिल्यांदा कुठल्या पानावर थांबले असतील.

"हे वेगळं का दिसतंय?"

"सर, स्पेलिंग सुधारलं."

"सगळ्यांचं मॅच होतंय, तुझंच होत नाही. मॅच करून आण."

मी मॅच करून आणलं. एनेटर पुन्हा जागेवर बसला आणि सरांनी उरलेल्या नऊ प्रयोगांवर दीड मिनिटात नऊ सह्या ठोकल्या. एकीकडे एक स्पेस जास्त पडली म्हणून रात्री बाराला हटकणारा माणूस, ज्याला माझ्या नावाचा उच्चार येत नाही. दुसरीकडे रोल नंबर तोंडपाठ असलेले सर. सरांचाही दोष नाही म्हणा. तीन वर्गांची जर्नलं, दोनशे पोरं आणि एक पेन.

हजेरीचंही तेच. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या माणसाला लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं, तो त्याच्या मागे लागला आणि लिनक्समध्ये सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड नावाच्या लायब्ररीत (म्हणजे तयार कोडच्या संचात) कुणीतरी लपवलेला चोरदरवाजा सापडला. अर्धा सेकंद! आमच्या वर्गात माझी मैत्रीण ऑगस्टपासून दोन वेगवेगळ्या आवाजांत 'येस सर' म्हणत होती आणि फ्रॉइंडसारखा कान कुणालाच नव्हता. बिंग फुटलं ते तिला डेंग्यू झाला तेव्हा. आठ दिवस दोघीही गायब, आणि डिफॉल्टर लिस्टमध्ये दोघी शेजारी शेजारी. पंच्याहत्तर टक्के लागतात, माझे अडुसष्ट.

बाबांना कॉलेजात बोलावणं आलं. त्याबद्दल काही लिहीत नाही.

आणि नेमका याच वेळी जर्मन माणूस नाहीसा झाला. माझा कोड तिसऱ्यांदा दुरुस्त होऊन पडलेला, एवढी जागरणं झालेली, आणि तीन आठवडे तिकडून चकार शब्द नाही. अशा कामात आठवण कशी करायची हाही प्रश्नच असतो. पगार नसलेल्या माणसाला 'काय झालं हो माझ्या कामाचं' म्हणणार कुठल्या तोंडाने? मी रोज बाराला बघायची, कुत्री भुंकायची, स्क्रीन रिकामी. आईने एकदा दारातून विचारलं, "आज ओरडला नाही का तो?" तिच्या आवाजात काळजी होती.

बाविसाव्या दिवशी एक ओळ आली. उशिराबद्दल माफी, मुलगी झाली, झोप मिळत नाही, या आठवड्यात बघतो. मी आईला सांगितलं. इतके महिने ज्या माणसाला ती 'तो तुझा झोपमोड्या' म्हणत होती, त्याच्यासाठी ती स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "पहिलटकरीण आहे का? आई आहे का तिची जवळ? त्यांना सांग, अळिवाचे लाडू द्या. शेपाची भाजी. आणि डोक्याला वारा लागू देऊ नका."

"आई, तिथे फक्त कोडबद्दल बोलतात."

"मग मधे एकदा माणसाबद्दल बोला."

अशा रीतीने युनिकोडच्या ०९३१ वरच्या तांत्रिक चर्चेत अळिवाच्या लाडवांची कृती गेली. अळिवाला इंग्रजीत काय म्हणतात ते शोधायला मला अर्धा तास लागला, नारळ मात्र लगेच समजला. खाली पाच जणांनी अंगठे दिले. ब्राझीलच्या एकाने गुळाऐवजी काय चालेल असं विचारलं. माझ्या कोडवर एवढी चर्चा कधीच झाली नव्हती.

कोड स्वीकारला गेला तो बरोबर वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, सकाळी. त्या आनंदात मी आत गेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटबद्दल विचारलं, "गिट वापरता? गिटचा फुल फॉर्म सांगा." मी म्हटलं, सर, फुल फॉर्म नाही, २००५ मध्ये टोरवाल्ड्सने लिहिलं, ब्रिटिश बोलीत त्याचा अर्थ साधारण 'नकोसा, मूर्ख माणूस' असा होतो. परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी ते स्वतःवर घेतलं असावं. पंचवीसपैकी तेरा.

नवी आवृत्ती आली त्या आठवड्यात काकूंनी त्यांचा लॅपटॉप गाडीत आणला. कोपरखैरणे गेलं तरी इन्स्टॉलच चाललं होतं. मग त्यांनी ती जुनी फाइल उघडली, शिफ्ट जे, डी, य करून शोध दिला. अकरा. त्यांनी विश्वास ठेवला नाही. स्क्रीनला बोट लावून एकेक मोजला. मग आचार्य शोधून बघितले. एकही नाही. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "खरं बोलायला लागला." तेरा मार्क मी तिथल्या तिथे विसरले.

"पण काय गं," चष्मा पुन्हा खाली आला, "हा ल हिंदीतला का दिसतो? आपला ल असा नसतो. आणि श बघ."

बघितलं. खरंच होतं. बऱ्याच फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण 'हा मजकूर मराठी आहे' असं प्रोग्रामने फाँटला सांगावं लागतं, आणि आमचा एडिटर ते सांगतच नव्हता. मी लॅपटॉप उघडला. नवीन तक्रार, शीर्षक, पहिली ओळ. दोन्ही ल शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला.

"अगं, तुझं नेरूळ गेलं की," काकू म्हणाल्या. "सीवूड्सपण गेलं."

नऊचं प्रॅक्टिकल, अडुसष्ट टक्के. म्हटलं, बेलापूरला उतरते आणि उलटी गाडी घेते, फक्त एवढं वाक्य संपवते. बेलापूर आलं, काकू उतरल्या. फलाटावरून माझ्या खिडकीशी येऊन त्यांनी आपला श कसा काढायचा ते हवेत बोटाने दाखवलं. मी नीट बघून घेतलं. एकदा समजला नाही म्हणून पुन्हा दाखवायला सांगितला, तोवर गाडी खारघरच्या दिशेने सुटली होती.