'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा अर्थ मला विचारू नका

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याचं नाव निघालं की आपल्याकडे कुणीतरी लगेच सांगणार, "अरे, तो आपल्या पाचगणीच्या शाळेतला!" खरंच आहे. फारोख बुलसारा, म्हणजे फ्रेडीच, सेंट पीटर्समध्ये होता, तिथेच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. अभिमान जरूर बाळगा. पण 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे क्वीनचं गाणं काही पाचगणीच्या टेबललँडवर झालं नाही. ते रेकॉर्ड करायला सुरुवात झाली वेल्समधल्या रॉकफील्डला, शेतावर उभारलेल्या स्टुडिओत, ऑगस्ट १९७५ मध्ये.

दुसरा छंद अर्थ लावण्याचा. गाण्यात खून करून आलेला तो मुलगा कोण, आईपाशी काय कबूल करतोय, वगैरे. फ्रेडीने शेवटपर्यंत धड काही सांगितलं नाही, बरंच केलं. माझं मत विचाराल तर हे गाणं टिकलं ते अर्थामुळे नाही, हमालीमुळे.

हेडफोन लावून मधला ऑपेराचा भाग ऐका. शे-दीडशे माणसांचा कोरस वाटतो. गाणारे तिघंच! फ्रेडी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर. टेप चोवीस ट्रॅकची, म्हणजे आवाज वेगवेगळे साठवायला चोवीस पट्ट्या. तिघांनी एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची, आणखी एकदा गायची, मग ते सगळं एकत्र करून एखाद-दुसऱ्या ट्रॅकवर उतरवायचं. रिकाम्या झालेल्या ट्रॅकवर परत पहिल्यापासून सुरू. दिवसाला दहा-बारा तास, तेवढ्या एका तुकड्यासाठी सुमारे तीन आठवडे. तो गगनाला भिडणारा वरचा सूर ड्रमर टेलरचा आहे, हे अजूनही पुष्कळांना माहीत नसतं. निर्माता रॉय थॉमस बेकरने या भागासाठी थोडीशीच टेप कोरी ठेवली होती. फ्रेडी येताना त्या भागात घोळवलेला आणखी एक 'गॅलिलिओ' हा शब्द घेऊन यायचा, की टेपला जोड द्यावा लागायचा. ती टेप इतक्यांदा मशीनवरून फिरली की वरचा लेप झिजून तिच्यातून पलीकडचं दिसायला लागलं. आज कॉम्प्युटरवर हे दुपारभरात होईल. होऊ दे. पण तिघांचे गळे थकत गेल्याचा जो खरखरीतपणा त्यात आहे, तो कुठून आणणार?

पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे. जवळपास सहा मिनिटांचं, ध्रुवपद नसलेलं गाणं रेडिओवर कोण लावणार, म्हणून रेकॉर्ड कंपनी कुरकुरली. रेडिओ निवेदक केनी एव्हरेटने ते लंडनच्या कॅपिटल रेडिओवर दोन दिवसांत चौदा वेळा वाजवलं. ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिला नंबर. १९९१ मध्ये फ्रेडी गेला, तेव्हा पुन्हा पाच आठवडे. अमेरिकेत १९७६ साली नवव्या नंबरवर अडकलेलं गाणं १९९२ मध्ये 'वेन्स वर्ल्ड' या सिनेमामुळे दुसऱ्यावर गेलं. त्यात गाडीत हे गाणं लावून माना हलवणारी पोरं बघून! कुठली थोरवी आणि काय.

२०१७ ला लंडनच्या हाइड पार्कात ग्रीन डे या रॉक बँडचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी हे गाणं नुसतं स्पीकरवर लावलं होतं. स्टेजवर कुणीही नाही, आणि साठ हजारांवर माणसं शेवटपर्यंत गात होती, ऑपेरासकट.

आणि हो, कराओकेला मधला भाग आला की माइक शेजाऱ्याच्या हातात कोंबणाऱ्यांनो, लाजू नका. खुद्द क्वीन त्या भागाला टेप लावून स्टेजवरून आत निघून जायचे. १९८५ च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफिलीत तर त्यांनी नुसती सुरुवात वाजवली आणि सरळ पुढचं गाणं धरलं.