वासाला एका ओळीत उरकलंत!

संवेदनांचा मनावर काय परिणाम होतो यावरच्या तुमच्या लेखात संगीत आणि प्रकाशाबद्दल छान लिहिलंय, पण वासाला एका ओळीत उरकलंत ते पटलं नाही. बाकीच्या संवेदना आधी थॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूतल्या संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्राच्या दारात थांबतात. वास मात्र घ्राणकंदातून (मेंदूचा वास टिपणारा भाग) थेट अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसच्या भागात, म्हणजे भावना-आठवणींच्या घरातच शिरतो. बाबा गेल्यावर दोन वर्षांनी कपाट आवरताना त्यांचा स्वेटर हाती आला. फोटो बघून कधी रडले नव्हते. स्वेटरच्या गळ्याला नाक लावलं आणि तिथेच खाली बसले.

आणखी एक. 'उद्दीपन जितकं कमी तितकं मन शांत' (उद्दीपन म्हणजे आवाज, उजेड, स्पर्श असं बाहेरून येणारं काहीही) हे तुमचं वाक्य जरा जपूनच घ्यायला हवं. १९५० च्या दशकात कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना डोळ्यांवर धूसर चष्मे आणि हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या चढवून नुसतं पडून राहण्याचे पैसे दिले होते. फुकटची कमाईच की! तरी बहुतेक जण दोन-तीन दिवसांतच कंटाळून उठले, काहींना तर नसलेली चित्रं दिसायला लागली. बाहेरून काही मिळालं नाही की मेंदू स्वतःच काहीतरी रचत बसतो.