‘सगळे एसी बदला, बिल निम्मे करा’: हॉटेलमालकांच्या ग्रुपवरच्या संदेशाचा खरा हिशोब

हॉटेल आणि लॉजमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतो आहे. तो थोडक्यात असा: खोल्यांतले जुने एसी सरसकट काढा, फाइव्ह स्टार इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारे) एसी बसवा, विजेचे बिल निम्म्यावर येईल आणि घातलेले पैसे वर्षभरात वसूल होतील. इन्व्हर्टर दिवसभर चालू ठेवला तरी हरकत नाही, उलट बंद-चालू केल्यानेच वीज जास्त जाते. दीड टनाऐवजी दोन टनांचा घ्या, खोली लवकर गार होते आणि युनिट कमी पडतात. जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करून घ्यायची सोय, मिळतेच. शिवाय सरकारने २४ अंश सक्तीचे केल्यामुळे गिऱ्हाईक आता १६ वर लावूच शकत नाही.

मालवण-देवगड पट्ट्यातल्या लहान हॉटेलांची वीजदुरुस्तीची कामे मी करतो. हा संदेश दाखवून ‘करून टाकूया का सगळे एकदम?’ असे विचारणारे मालक मला भेटतात, आणि काहींनी त्यासाठी कर्जाची चौकशीसुद्धा करून ठेवलेली असते. इन्व्हर्टर एसी चांगला आहे आणि नवीन घ्यायचा झाला तर तोच घ्यावा, याबद्दल माझे दुमत नाही. पण दहा-बारा खोल्यांच्या मालकाने चार-पाच लाखांचे कर्ज काढायचे, तर या संदेशातला एकेक दावा तपासूनच काढायला हवे.

‘बिल निम्मे होईल.’ पहिल्यांदा स्टार म्हणजे काय ते पाहू. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवर आयएसईईआर नावाचा एक आकडा असतो. हंगामभरात एसीने खोलीतली किती उष्णता बाहेर काढली आणि त्यासाठी किती वीज खाल्ली, याचे ते गुणोत्तर. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२५ या काळातल्या तक्त्यात थ्री स्टारची सुरुवात ३.८ ला होत होती आणि फाइव्ह स्टारची ५.० ला. इथला हिशोब त्याच तक्त्यावर आहे. ३.८ भागिले ५.० म्हणजे ०.७६. म्हणजे तेवढ्याच गारव्यासाठी फाइव्ह स्टारला थ्री स्टारपेक्षा साधारण २४ टक्के वीज कमी लागते. निम्म्याच्या जवळ जायचे तर भिंतीवरचा एसी खरोखरच जुना हवा. २.९ च्या आसपास कार्यक्षमता असलेला दहा-बारा वर्षांपूर्वीचा एसी काढून ५.० चा लावला तर बचत ४२ टक्क्यांपर्यंत जाते.

ही बचतसुद्धा एसीच्या विजेतली आहे, बिलातली नाही. हॉटेलात गिझर आहेत, स्वयंपाकघरातले डीप फ्रीजर आहेत, पाण्याचे पंप आहेत, इस्त्री, दिवे, एक्झॉस्ट आहेत. समजा एकूण विजेपैकी निम्मी एसीला जाते. मग एसीच्या विजेत २४ टक्के बचत झाली की एकूण युनिटमधली बचत १२ टक्के. त्यातही महावितरणच्या बिलावर वीज आकार ही एकच ओळ नसते. स्थिर आकार युनिटवर चालत नाही. मंजूर भार २० किलोवॅटच्या वर गेला की व्यावसायिक ग्राहकाला हा आकार केव्हीए मागणीवर, म्हणजे एका वेळी घेतलेल्या सर्वाधिक भारावर लागतो, आणि नोंदलेली मागणी खाली आली तरी एका ठरावीक पातळीपर्यंत तो भरावाच लागतो. मे महिन्यात संध्याकाळी सातच्या सुमारास समुद्रावरून परतलेली सगळी गिऱ्हाइके एकदम एसी लावतात, तेव्हा प्रत्येक इन्व्हर्टर पूर्ण जोरावर धावत असतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात मागणी निम्मी होत नाही. नवे एसी बसवल्यावर करारातली मागणी कमी करून घेण्याचा अर्ज केला नसेल, तर त्या ओळीत फारसा फरक पडणार नाही.

‘पैसे वर्षभरात वसूल.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होते, म्हणून इथे जरा सविस्तर आकडेमोड करतो. लेबलवरचे वार्षिक युनिट हे वर्षाला १,६०० तास एसी चालला असे धरून काढलेले असतात. तुमच्या खोलीत तो तितके तास चालतो का?

आमच्या किनाऱ्यावर धंदा शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना एवढ्यावर उभा असतो. एखादी खोली वर्षात १२० रात्री भरली आणि रात्रीला नऊ तास एसी चालला, तर झाले १,०८० तास. पुण्या-नाशिकच्या बिझनेस हॉटेलात तीच खोली २५० रात्री भरते आणि रोज अकरा तास धरले तर २,७५० तास होतात. यंत्र एकच, पण एकीकडे ते अडीचपट जास्त कमावते.

आता दीड टनाचा थ्री स्टार १,६०० तासांत १,००० युनिट घेतो असे धरा. फाइव्ह स्टार ७६० घेईल आणि २.९ चा जुना एसी १,३१० च्या आसपास. सगळे आकार मिळून युनिटला १५ रुपये पडतात असे समजू. तुमचा दर बिलावरून काढा, एकूण रक्कम भागिले एकूण युनिट. जुना काढून नवा फाइव्ह स्टार लावला तर १,६०० तासांना ५५० युनिट वाचतात. किनाऱ्यावरच्या खोलीत ही बचत वर्षाला साधारण ५,६०० रुपये होते. नवा एसी, तांब्याची पाइप, स्टँड, मजुरी धरून ४५,००० रुपये गेले, तर वसुलीला आठ वर्षे. खाऱ्या हवेत आउटडोअरची जाळी आठ वर्षे टिकवणे हेच मुळात कठीण. पुण्याच्या हॉटेलात तीच बचत वर्षाला १४,००० च्या वर जाते आणि पैसे तीन वर्षांच्या थोडे पुढे सुटतात. कर्जावरचे व्याज यात धरलेलेच नाही. वर्षभरात वसुली कुठल्याच हिशोबात येत नाही.

एसी बंदच पडला आणि नवीन घेणे भागच असेल, तर प्रश्न वेगळा होतो. तेव्हा पूर्ण किंमत धरायची नाही, थ्री आणि फाइव्ह स्टारमधला फरक तेवढा धरायचा. तो ९,००० रुपये असेल तर पुण्यात दीड वर्षात सुटतो, किनाऱ्यावर पावणेचार वर्षांत. इथे फाइव्ह स्टार घेणे शहाणपणाचे आहे. क्वचित भरणाऱ्या मागच्या खोलीत मात्र थ्री स्टार इन्व्हर्टर पुरतो.

सेकंडहँड किंवा स्टॉकमधला माल घेणाऱ्यांनी लेबलवरचा कालावधी वाचावा. २०१८ च्या तक्त्यात ४.५ ला पाच स्टार मिळायचे. जुलै २०२२ च्या तक्त्यात तोच आकडा चार स्टारांत बसला. स्टार मोजण्यापेक्षा आयएसईईआरचा आकडा विचारा.

‘जीएसटी क्रेडिट मिळतेच.’ २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. पण त्याच दिवसापासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरचा कर ५ टक्के झाला आणि त्यासोबतचे इनपुट क्रेडिट गेले. आपल्यातल्या बहुतेकांच्या खोल्या याच गटात येतात. म्हणजे एसीवरचे १८ टक्के पदरचेच जातात. डीलरचे कोटेशन कराशिवाय असेल, तर वरच्या हिशोबात करासकटची किंमत घाला.

‘इन्व्हर्टर दिवसभर चालू ठेवा, बंद-चालू केल्याने जास्त वीज जाते.’ हे वाचून मला खरोखर वाईट वाटते, कारण यात मालकाचा पैसा रिकाम्या खोलीत जळतो. खोली गार आणि बाहेर ऊन असेल तोवर भिंतींतून, काचेतून, स्लॅबमधून उष्णता आत येतच राहते, आणि जितकी आत येते तितकी एसीला बाहेर फेकावी लागते. एसी बंद ठेवला की खोली तापत जाते, बाहेरच्या तापमानाच्या जवळ येते आणि उष्णता आत येण्याचा वेग मंदावतो. संध्याकाळी खोली पुन्हा गार करायला लागणारी वीज ही दिवसभर गार ठेवायला लागणाऱ्या विजेपेक्षा कमीच असते. अर्ध्या तासासाठी जेवायला खाली उतरलेल्या माणसाने इन्व्हर्टर बंद केला नाही तर फार बिघडत नाही. या दाव्यात तथ्य आहे ते एवढेच. सकाळी दहाला तारकर्लीला स्कूबासाठी गेलेले कुटुंब संध्याकाळी सहाला परत येते. त्या आठ तासांत एसीने ताशी अर्धे युनिट जरी घेतले तरी चार युनिट, म्हणजे खोलीमागे रोज ६० रुपये गेले.

यावरचा इलाज एसीच्या किमतीपुढे अगदी स्वस्त आहे. दाराजवळ की-कार्डचा स्विच (कार्ड खाचेत घातले की खोलीची वीज चालू करणारा) बऱ्याच ठिकाणी असतो, पण त्याच्या खाचेत डोकावून पाहा. आत व्हिजिटिंग कार्ड असते, नाहीतर पत्त्यांतला एखादा पत्ता. साध्या स्विचला आत काहीतरी सरकवले आहे एवढेच कळते. कधी गिऱ्हाईक हे करते. पण बऱ्याचदा खोली झाडताना उजेड हवा म्हणून हाउसकीपिंगच्या मुलाने ते घातलेले असते आणि काढायचे राहून जाते. खोलीच्या कार्डातली चिप ओळखणारा स्विच घेतला की हा मार्ग बंद होतो. बाल्कनीचे दार उघडे राहिले की एसी थांबवणारा चुंबकी सेन्सर दाराला लावता येतो, आणि समुद्राकडे तोंड असलेल्या खोल्यांत तो सगळ्यात जास्त कामाला येतो. नुसत्या हालचालीवर चालणारा सेन्सर मात्र लावू नका. माणूस गाढ झोपला की त्याला खोली रिकामी वाटते, आणि रात्री दोनला रिसेप्शनचा फोन वाजतो. की-कार्डवरून फ्रिज आणि चार्जिंगचा एक प्लग वेगळा ठेवा, म्हणजे गिऱ्हाइकाला कार्ड अडकवून ठेवण्याचे कारण उरत नाही.

‘दोन टन घ्या, खोली लवकर गार होते.’ होते. पण कोकणातल्या हवेत गारव्याइतकाच ओलावाही काढावा लागतो, आणि तो निघतो तो कॉइल पुरेशी थंड राहून त्यावर पाणी जमले तरच. गरजेपेक्षा मोठा एसी काही मिनिटांत तापमान गाठतो आणि मंद होतो. ओलावा हवेतच राहतो. अंगाला चिकचिक वाटते आणि गिऱ्हाईक रिमोट १८ वर नेते. बारा बाय बाराच्या खोलीला दीड टन भरपूर झाला, खालच्या मजल्यावर सावलीत असेल तर एक टनही पुरतो. वरच्या मजल्यावरची खोली गार होत नाही म्हणून टन वाढवणाऱ्यांनी आधी स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चायना मोझॅक करावे आणि पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली द्यावी.

‘सरकारने २४ अंश सक्तीचे केले आहेत.’ तसे झालेले नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा एसी सुरू केल्यावर आपोआप २४ वर येतो, एवढाच नियम आहे. पुढे रिमोटने हवे तितके खाली जाता येते. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी २० ते २८ अंशांची मर्यादा आणण्याचे सूतोवाच केले, आणि त्या बातमीवरूनच हा गैरसमज पसरला असावा. एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ब्युरोच सांगतो. अनेक मॉडेलांत किमान तापमान बांधून ठेवण्याची सोय असते. घेण्यापूर्वी विचारा आणि २२ वर बांधा. पंखा मात्र चालता ठेवा. पंखा कुरकुरतो म्हणून गिऱ्हाइकाने तो बंद केला, तर २२ अंशही त्याला पुरत नाहीत.

आता संदेशात ज्याचा उल्लेखही नाही ते. नवे एसी बहुधा जुन्याच जागी बसतात, आणि ती जागाच कित्येकदा चुकीची असते. दोन इमारतींमधल्या चार फुटांच्या डक्टमध्ये एकावर एक सहा-सहा आउटडोअर टांगलेले मी पाहतो. खालच्याची गरम हवा वरचा आत ओढतो, त्याची त्याच्या वरचा. सर्वांत वरच्या युनिटच्या मागच्या जाळीपाशी हात धरला तर आत जाणारी हवाच चटका देते. त्या हवेत फाइव्ह स्टारसुद्धा लेबलवरचा आकडा देत नाही, कारण उष्णता फेकायला त्याला जागाच नसते. वरची दोन-तीन युनिट गच्चीवर नेली तर पाइपचा खर्च येतो, पण चालू एसीची तब्येत लगेच सुधारते. समुद्राकाठी आउटडोअरच्या जाळीवर मिठाचा थर बसतो. गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने ती महिन्याला धुवा. आतली फिल्टर हंगामात पंधरा दिवसांनी. आणि इन्व्हर्टरचे पीसीबी, म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, खारी हवा, पाली आणि कमी-जास्त दाबाने जातात. ते बदलायचा खर्च कधीकधी दोन-तीन वर्षांची बचत एका फटक्यात खातो. वॉरंटीत पीसीबी किती वर्षे आहे, हे कॉम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या जाहिरातीपेक्षा जास्त महत्त्वाचे.

बदलायचेच झाले तर क्रम लावा. आर-२२ गॅसवरचे एसी पहिले, कारण मॉन्ट्रियल कराराखाली तो वायू बंद होत चालला आहे आणि गळती झाली की भरायला महाग पडतो. मग सर्वांत जास्त रात्री भरणाऱ्या खोल्या. तिथून निघालेले धडधाकट एसी कमी भरणाऱ्या खोल्यांत हलवा. एकदम सगळे घेण्याआधी शेजारच्या, एकाच मजल्यावरच्या दोन खोल्या निवडा. एकीत नवा लावा, दुसरीत जुना स्वच्छ करून ठेवा, आणि दोघांच्या एसीच्या लाइनवर साधा सबमीटर बसवा. सीझनभर रोज चेकआउटच्या वेळी दोन्ही आकडे रजिस्टरमध्ये लिहा, आणि त्यानंतर डीलरला बाकीच्या खोल्यांचा दर विचारा.