आबांचा पाईप आणि माझं नव्वद नंबर

"काका, मागच्या चाकाला जुलाब लागलेत," असं पंपावरच्या पोराने डिझेल भरता भरता चार लोकांत सांगितलं तेव्हा चाकातून तेल गळतंय हे मला कळलं. मागच्या आसातल्या दातेरी चाकांना लागतं ते क्राऊन ऑइल, नव्वद नंबरचं, नवीन टाकून जेमतेम आठ दिवस झाले होते. उकरून काढल्यावर भानगड अशी निघाली, की गॅरेजवाल्याने जीपची फक्त मागची बाजू जॅकवर उचलून ऑइल भरलं होतं. आमच्या जीपला तेल भरायचा बोल्ट हौसिंगच्या, म्हणजे त्या दातेरी चाकांच्या पेटीच्या, मागच्या अंगाला आहे. मागची बाजू वर, तोंड खाली, आतलं सगळं तेल पुढे सरकलेलं, मग भोकापाशी ते दिसणार कसं? तो आपला ओततोय ओततोय, आणि वर मलाच सांगतो, तुमची गाडी जरा जास्तच पिते. पैसेही पिते त्या हिशेबाने घेतले.

खरं तर नियम शेंबड्या पोराला समजेल असा आहे. गाडी सपाट उभी करायची, बोल्ट उघडायचा, करंगळी आत घालून वाकवायची, तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलं की बास. कमी पडलं तर क्राऊन-पिनियन, म्हणजे आतली दातेरी चाकं, ओरडतात, जास्त झालं तर त्याचा फेस होतो, गरम होतं आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, नाहीतर सील ढकलून बाहेर येतं. माझं सरळ ब्रेकच्या लायनरवर आलं. लायनर गेले, सील गेलं, त्याचे पैसे वेगळे, आणि ते कोणी परत देत नाही.

ते सगळं बदललं, पण आतलं जादा तेल काढायचं राहिलंच होतं. त्या गॅरेजला परत जाणार नव्हतो, म्हटलं घरीच करू. आता चिपळूणच्या आसपास सपाट जागा शोधून दाखवा. कोकणात सपाटी हवी तर डोंगर पोखरावा लागतो, रेल्वेने रत्नागिरीजवळ करबुड्याला साडेसहा किलोमीटर पोखरला. माझ्याकडे फक्त अंगण, तेही उताराचं. पुढच्या चाकांखाली दोन चिरे घातले, मागच्यांना दगड लावले आणि खाली शिरणार एवढ्यात गडग्यावरून आवाज आला.

"सपाट हाय कशावरनं?"

शेजारचे आबा. जन्मभर गवंडीकाम केलेलं, आता गुडघे गेलेत पण नजर गेलेली नाही. मी म्हटलं दिसतंय की. "दिसतंय" ह्या शब्दाने ते इतके दुखावले की काही न बोलता घरात गेले आणि लेव्हलचा पाईप घेऊन आले. तोच तो, पारदर्शक, पाणी भरलेला, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अर्ध्या वाडीच्या चौकटी त्याने बसवल्यात. एक टोक माझ्या हातात, पुढच्या चाकाच्या मधोमध. दुसरं त्यांच्याकडे, मागच्या चाकाला.

"हलवू नको. बुडबुडा हाय. वड तोंडानं."

मी ओढलं. ते पाणी कधीचं होतं देव जाणे, शेवाळाची चव संध्याकाळपर्यंत गेली नाही.

"म्होरनं तीन सूत खाली."

"आबा, तीन सूत म्हणजे अर्धा इंचसुद्धा नाही, त्याने काय होतंय? गाडी आहे ती, देव्हारा नाही."

"मंग कर तुझ्या मनानं. त्या गॅरेजवाल्यानं पन मनानंच केलंन ना?"

ह्यावर काय बोलणार? तीन सुतांसाठी कौलाचे तुकडे आले. मग डावी-उजवी बाजू मापली. मग त्यांना एका टायरात हवा कमी असल्याचा संशय आला, तो खरा निघाला, तेव्हा पंप मारा. पाऊण तास! माझ्याच गाडीला माझ्याच अंगणात मी मजूर.

शेवटी बोल्ट सैल केला आणि तेल बदाबदा आलं, मनगटावरून कोपर, कोपरावरून थेट काखेत. ह्या तेलात गंधक असतं, सडक्या अंड्याचा तो वास दोन आंघोळींनी जात नाही. बायकोने त्या रात्री माझी वळकटी ओटीवर टाकली. आबांनी मात्र कुठूनसा डबा आणून खाली सरकवला होता, धार थेंबावर आली, थेंबही थांबले, मी करंगळी घातली तर तेल बरोब्बर काठाला. सुताचा फरक नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण राग आला.

डबा आबा घेऊन गेले. गोठ्याच्या मेढींना फासायला, वाळवीला बरं असतं म्हणे. म्हणजे मी विकत घेतलेलं नवं कोरं नव्वद नंबर तिथे लाकडाला.

काल संध्याकाळी गडग्यापाशी भेटले. म्हणाले, "पुढच्या टायमाला पन त्याच्याकडंच ने गाडी. अजून दोन मेढी र्‍हायल्यात."