आधी नागरिकत्व सिद्ध करा म्हणे!

ग्रीन कार्डाची वाट बघता बघता केस पिकतात. मग आणखी पाच वर्षं थांबा, बोटांचे ठसे द्या, इंग्रजीची परीक्षा द्या, शपथ घ्या. एवढं सगळं करून मतदार यादीत नाव लागलं, की आमचं टेक्सस सरकार विचारणार, "तुम्ही नागरिक कशावरून?"

जानेवारी २०१९ची ती यादी आठवली की अजून डोकं फिरतं. निवडणुका ज्यांच्या अखत्यारीत येतात, त्या सेक्रेटरी ऑफ स्टेट डेव्हिड व्हिटली यांनी जाहीर केलं, की मतदार यादीतले सुमारे ९५ हजार लोक नागरिक नसावेत आणि त्यातल्या ५८ हजारांनी कधी ना कधी मतही दिलंय. अ‍ॅटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांनी लगेच ट्विटरवर 'व्होटर फ्रॉड' म्हणून बोंब ठोकली. ट्रम्पनीही री ओढली.

आणि यादी बनवली कशावरून? ड्रायव्हिंग लायसन्सच्या जुन्या नोंदींवरून! लायसन्स काढताना ग्रीन कार्ड दाखवलं होतं ना, मग तुम्ही परके. तेव्हा लायसन्स सहा वर्षं चालायचं, मधे तुम्ही नागरिक झालात तर ते त्या खात्याला कळवायचा नियमही नाही. दरवर्षी इथे हजारो लोक शपथ घेतात, हे त्या कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं? शेंबड्या पोरालाही कळेल हो! चार दिवसांत राज्याकडूनच काउंट्यांना (म्हणजे जिल्ह्यांना) फोन गेले, की नावं चुकून आलीत, काढा. अशी सुमारे २५ हजार नावं! जन्माने अमेरिकन असलेला माणूस या चाळणीत सहसा अडकणारच नाही. अडकणार बाहेरून आलेलेच.

नोटीस आली की ३० दिवसांत कागद दाखवा, नाहीतर नाव रद्द. सुट्टीत पुण्याला आईबाबांकडे गेलेल्या माणसाने काय करायचं? तो परत येऊन पत्रपेटी उघडेपर्यंत मुदत संपलेली.

प्रकरण कोर्टात गेलं आणि न्यायाधीश फ्रेड बिअरी यांनी लगाम घातला म्हणून बरं. एप्रिलमध्ये तडजोड झाली, यादी मागे घेतली आणि समोरच्या वकिलांचे साडेचार लाख डॉलर राज्याने भरले. म्हणजे ज्यांना चोर ठरवलं, त्यांच्याच टॅक्समधून! व्हिटलीसाहेबांची नेमणूक सिनेटने मंजूर केली नाही, म्हणून मेमध्ये खुर्ची गेली. आणि लगेच गव्हर्नर अ‍ॅबट यांच्या कार्यालयात परत रुजू. झाली शिक्षा.

नवीन नोंदणीची तऱ्हा तर विचारूच नका. लायसन्स रिन्यू करताना सोडलं तर ऑनलाइन सोय नाही. मंडळाच्या गणपतीत टेबल मांडून लोकांचे फॉर्म गोळा करायचे म्हटलं, तर आधी काउंटीकडून नेमणूक घ्या. हॅरिस काउंटीची नेमणूक शेजारच्या फोर्ट बेंडवाल्याच्या फॉर्मला चालत नाही, आणि आरतीला तर दोन्हीकडची माणसं येतात! अशा २५४ काउंट्या आहेत. २०२४ मध्ये बेक्सर काउंटीने नाव न नोंदवलेल्यांना घरपोच फॉर्म पाठवायचं ठरवलं, तर हेच पॅक्स्टन कोर्टात धावले. फॉर्मच तर पाठवत होते, मतपत्रिका नव्हे!

आणि वर आपल्यातलेच काही शहाणे ऐकवतात, "कागद नीट असतील तर घाबरायचं कशाला?" अहो, त्या २५ हजारांचे कागद नीटच होते की!