कानचा कौल आणि ऑस्करची गाळणी

कान चित्रपट महोत्सवात एखादा चित्रपट गाजला की त्याचं ऑस्करचं नामांकन पक्कं, असं एका लेखात वाचलं; ते विधान काही पटलं नाही. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ मध्ये कानचं ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळालं, पुढे त्याच्या दिग्दर्शिका पायल कपाडियांना गोल्डन ग्लोबचं दिग्दर्शनासाठी नामांकनही. तरी ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागासाठी आपल्याकडून अधिकृत प्रवेशिका गेली ती 'लापता लेडीज'ची, आणि तो नामांकनाआधीच्या १५ चित्रपटांच्या यादीतही आला नाही. तेव्हा या विभागात एका देशाचा एकच चित्रपट जायचा, खरी गाळणी तिथंच लागली. लेखकमहाशय ते सोडून थेट नामांकनाच्या शेवटच्या ५ नावांवर घसरलेत!

आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या कट्ट्यावर तेव्हा चहाच्या पैजा लागल्या होत्या. निम्मे बेळगावकर मात्र निवांत. मराठी अभिनेत्री छाया कदम दोन्ही चित्रपटांत, म्हणजे कुठलाही गेला तरी आपलंच माणूस!