डॉक्टरला तुरुंग, पण पेशंटला काय?

भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू झाल्यापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडलेत. हलगर्जीपणामुळे पेशंट दगावला तर डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास; इतर कुणाच्या हलगर्जीपणाने जीव गेला तर पाचपर्यंत. डॉक्टर झालेले वर्गमित्र म्हणतात, मग अवघड केसला हात कोण लावेल? बाकीचे विचारतात, यांना दोनच का? न्यूझीलंडमध्ये बसून हे वाचताना वाटतं, या भांडणात वाचलेला पण अधू झालेला पेशंट कुठे आहे?

इथे 1974 पासून एसीसी ही सरकारी अपघात विमा योजना आहे. उपचारातून इजा झाली, किंवा व्हायला हवं होतं ते निदान वेळेत न झाल्याने झाली, तर भरपाईसाठी डॉक्टरवर दावा लावताच येत नाही. त्याऐवजी कुणाचाही दोष सिद्ध न करता उपचारांचा खर्च मिळतो आणि काम सुटलं तर बुडालेल्या कमाईच्या 80 टक्क्यांपर्यंत रक्कम. ओळखीतल्या एका बाईंची ऑपरेशनमध्ये नस दुखावली, तेव्हा एसीसीकडे भरपाई मागण्याचे कागद सर्जननेच भरून पाठवले. आपल्याकडे असं कोणी केलं तर त्याचा वकील त्याला वेड्यात काढेल. आणि वकिलाचं बरोबरच असेल.

कारण आपली भरपाई कोर्टातून येते. 1953 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. पुण्याच्या डॉक्टरने भूल न देता, नुसत्या मॉर्फियावर, जोर लावून ते ओढलं, मुलगा गेला. आईवडिलांना मंजूर झालेले 3,000 रुपये सर्वोच्च न्यायालयाने कायम केले, ते 1968 मध्ये. 1998 मध्ये कोलकात्यात अनुराधा साहांच्या दुर्मिळ त्वचारोगाचं निदान आधी चुकलं, मग स्टेरॉइडचा मारा झाला. 2013 मध्ये जवळपास सहा कोटी आणि वर व्याज मंजूर झालं. पती कुणाल साहा स्वतः अमेरिकेतले डॉक्टर, म्हणून पंधरा वर्षं तग धरू शकले. जिंतूरच्या शेतमजुराने काय करायचं?

न्यूझीलंडमधलं सगळं गोड आहे असंही नाही. आजार आपल्या गतीने बळावला असेल तर एसीसी हात वर करते. आरोग्य आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण चौकशी लांबते आणि छापलेल्या अहवालात डॉक्टरचं नाव बहुधा नसतं. ज्यांचं माणूस गेलंय त्यांना ते झोंबतं, आणि मला त्यात नवल वाटत नाही.

असा निधी महाराष्ट्रात लगेच उभा राहील असं मी म्हणत नाही. तो इथे पगारदार आणि मालक यांच्या वर्गणीवर आणि करांवर चालतो. पण पेशंटला त्याचे केसपेपर द्यायला कुठे असा निधी लागतो? मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार पेशंटने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यायची आहेत. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये जाऊन मागून पाहा. "मोठे डॉक्टर आले की बघू," एवढं ऐकून परत याल.

ग्रुपवरच्या डॉक्टर मित्राने विचारलं, तेच कागद घेऊन नातेवाईक काचा फोडायला आले तर? भीती खरी आहे, मार खाल्लेले निवासी डॉक्टर त्यानेही पाहिलेत. तरी कागद दडवून काचा वाचल्याचं मला कुठे दिसलेलं नाही. कागद न देणाऱ्या एका हॉस्पिटलची नोंदणी नर्सिंग होम कायद्याखाली रोखून दाखवा, मग दोन वर्षं की पाच यावर खुशाल भांडू.